पांढरीच्या मातीची खोली

लीलाबाई नेर्लेकरांना पुढं नोकरीच्या निमित्तानं चार-पाच घरं मिळाली. एका घराला गच्ची होती. एकात नळाचं पाणी थेट स्वयंपाकघरात यायचं. शेवटचं तर कोल्हापुरात राजारामपुरीत, दोन खोल्या आणि पुढं जास्वंदीचं झाड. पण घर असं कुणी नुसतं म्हटलं, की त्यांच्या डोळ्यांपुढं उभी राहायची ती पाणंदवाडीतली दहा बाय चौदा फुटांची एकच खोली. उसाच्या पाल्यानं शाकारलेली, एका दाराची, एका खिडकीची. ती मी स्वतः बांधली होती, असं त्या सांगायच्या, आणि 'स्वतः' या शब्दापाशी आल्या की थोड्या अडखळून हसायच्या. त्या हसण्याची ही गोष्ट.

साल अडुसष्ट. पाणंदवाडी म्हणजे मुरगुडापासून दीड कोस आत, वेदगंगेच्या अंगाला वसलेली एकतीस घरांची वाडी. एस.टी. मुरगुडापर्यंत यायची, पुढं आपले पाय. शाळा चौथीपर्यंत, वर्ग एकाच खोलीत, आणि चारही इयत्तांना मिळून शिक्षिका एक. ती म्हणजे लीला. वय सव्वीस, लग्न झालेलं नव्हतं. राहायची हंबीरराव पाटलांच्या माजघरात, त्यांच्या दोन मुलींच्या शेजारी वळकटी टाकून. माणसं मायेची होती. सकाळी न मागता दुधाचा पेला समोर यायचा, आणि बाईंच्या पुस्तकांना कुणी हात लावू नये म्हणून हंबीररावांनी खास एक फळी ठोकून दिली होती. पण माजघराच्या एका अंगाला जोंधळ्याची पोती आणि दुसऱ्या अंगाला गोठा. तिथं आणखी एक माणूस आणून ठेवावं इतकी जागा नव्हती.

आणि लीलाला एक माणूस आणायचं होतं. तिची आई, माई.

माई कोल्हापुरात मंगळवार पेठेत दादाकडं, म्हणजे लीलाच्या थोरल्या भावाकडं राहायच्या. दादा भला माणूस, वहिनीही उणं बोलणारी नव्हे. पण बिऱ्हाड दोन खोल्यांचं आणि मुलं चार. माई स्वयंपाकघरात निजायच्या, आणि पहाटे नळ यायच्या आत अंथरूण गुंडाळून उठून बसायच्या, म्हणजे सुनेला चुलीपाशी जायला वाट मिळावी. दिवसभर त्या कुठं तरी कडेला असत. पाट सरकवायचा तर विचारून, खिडकी लावायची तर विचारून. लीला सुट्टीत गेली की तिला हे दिसायचं.

त्यात संक्रांतीच्या सुमाराला दादाचं पत्र आलं. त्याची बदली नागपूरला झाली होती. मे महिन्याच्या अखेरीला सगळ्यांनी निघायचं. माईही जाणार, दुसरं कुठं जाणार? नागपूर म्हणजे दोन दिवसांचा प्रवास. शिक्षिकेच्या सुट्ट्यांत वर्षातून एकदा भेट झाली तरी पुष्कळ.

लीलानं उलट टपाली लिहिलं, की माईला मी ठेवून घेते. दादाचं उत्तर चार ओळींचं होतं. ठेवून घे, पण कुठं? पाटलांच्या माजघरात? तुझं स्वतःचं दार आणि त्याला कडी असेल, तर माईला मी स्वतः आणून पोचवीन.

त्याच संध्याकाळी लीला हंबीररावांपुढं उभी राहिली आणि शाळेच्या मागचा रानाचा कोपरा तिनं मागितला. हंबीरराव एका शब्दानं नाही म्हणाले नाहीत. उलट, चार गडी लावून महिन्यात घर उभं करून देतो म्हणाले. लीला म्हणाली, नको आबा, माझं मी करते. आपलं काम आपण करावं, हा धडा ती तिसरीला दर वर्षी शिकवत होती. मुलांना शिकवायचं आणि आपण चार गडी लावायचे, हे तिला पटेना.

तिच्याजवळ एक पुस्तिका होती. अध्यापिका विद्यालयात हस्तव्यवसायाच्या तासाला मिळालेली, चाळीस पानांची. त्यात मातीचे भेंडे, म्हणजे न भाजलेल्या कच्च्या विटा कशा पाडाव्यात, याची कृती दिली होती. माती चिकट असावी. ती भिजवून, भुसकट घालून पायांनी तुडवावी. साच्यात भरावी. सावलीत वाळवावी. बारीक चिरा पडल्यास लिंपून घ्याव्यात. लीलानं हे पान इतक्या वेळा वाचलं, की पुस्तिका हातात घेतली की आपोआप तिथंच उघडायची.

चिकट माती शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. जिथं घर बांधायचं तिथंच ती पायाखाली होती. वेदगंगेकाठची काळी माती, भिजली की लोण्यासारखी. पाय घातला की चप्पल ठेवून घ्यायची. याहून चिकट माती उभ्या तालुक्यात सापडली नसती.

केरबा सुतारानं साचा करून दिला. शाळा सुटली की लीला पदर खोचायची, लुगडं घोट्याच्या वर घ्यायची आणि चिखलात उतरायची. पहिल्या दिवशी नऊ भेंडे झाले. आठवड्यानं वीस, मग तीस. पोटऱ्या दुखायच्या, नखांत काळं राहायचं, दुसऱ्या दिवशी फळ्यावर खडू धरताना बोटं आखडलेली असायची. पण रांगेत ठेवलेले ते भेंडे बघताना तिला वाटायचं, की आपण आयुष्यात केलेली ही पहिली गोष्ट आहे जी हातानं उचलून दाखवता येते.

वाडी हे सगळं बघत होती. पाणंदीनं येणारा-जाणारा माणूस तिथं आल्यावर पावलं आखडती घ्यायचा. केरबाची बायको तानाबाई डोईवर वैरणीचा भारा घेऊन थांबायची, मान वाकडी करून भेंड्यांच्या रांगा न्याहाळायची आणि म्हणायची, "काळीचं करतायसा व्हय, बाई?"

लीला अभिमानानं म्हणायची, होय तानाक्का, काळीचं.

तानाबाई तोंडाला पदर लावून थोडा वेळ उभी राहायची, मग "बरं हाय की" म्हणून चालू लागायची. हंबीरराव यायचे, एखादा भेंडा हातात घेऊन तोलून बघायचे, परत ठेवायचे. कुणी काही विचारायचं नाही, कुणी काही सांगायचं नाही. लीलाला वाटायचं, एका बाईमाणसानं हे धाडस करावं याचं या लोकांना कौतुक वाटतंय, पण बोलून दाखवता येत नाही.

कौतुक होतंच. ते कसलं होतं, हे तिला पुढं कळायचं होतं.

भेंडे वाळताना त्यांना चिरा पडल्या. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणं तिनं त्या लिंपल्या. पाडव्याच्या बऱ्याच आधी भिंती छातीपर्यंत आल्या. मग शाळेतलं टेबल बाहेर नेऊन त्यावर उभं राहून तिनं पुढचे थर चढवले. केरबानं दाराची चौकट बसवून दिली, आणि दाराला पितळेची कडी. छप्पर तेवढं राहिलं होतं. काळ्याशार भिंतींची ती खोली माळावरनं सुद्धा दिसायची. लीलानं दादाला लिहिलं, रामनवमीच्या सुट्टीला माईला घेऊन ये आणि बघून जा.

त्या वर्षी चैत्रातलं ऊन नुसतं पडत नव्हतं, चटका देत होतं. रानं उघडी पडली होती आणि काळीला भेगा पडायला लागल्या होत्या. काळीला त्या दर उन्हाळ्यात पडतात. इतक्या, की गुरांचा पाय अडकतो. लीलानंही आजवर दोन उन्हाळे त्या बघितल्या होत्या. पण ज्या मातीला रानात भेगा पडतात तिला भिंतीतही पडणार, हे दोन अधिक दोन तिनं कधी करून बघितलं नव्हतं. आदल्या आठवड्यात कोपऱ्यात एक केसासारखी रेघ दिसली. ती तिनं लिंपली. तिसऱ्या दिवशी लिंपण सुटून पडलं. मग जमिनीतली भेग पायातून वर भिंतीत चढली, एखादी वेल चढावी तशी. ती दुपारी लिंपायची, सकाळी दुसरीकडं फाटलेलं असायचं.

रामनवमीला दादा आणि माई मुरगुडाहून बैलगाडीनं आले. हंबीररावांनीच गाडी पाठवली होती. लीला चौकटीत उभी होती. मागची भिंत एव्हाना बाहेरच्या अंगाला कलली होती आणि खिडकीच्या वरचे चार भेंडे सकाळीच खाली आले होते.

दादा घराला एक चक्कर मारून आला. तो चिडला नाही, हे जास्त वाईट होतं. त्यानं कडी लावून बघितली, काढून बघितली, आणि हळू आवाजात म्हणाला, "लीले, कडी चांगली आहे. पण हे घर नव्हे गं. यात मी आईला कसा ठेवू?"

माई घराच्या मागं गेल्या. त्यांनी मागच्या भिंतीच्या भेगेत हात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला. त्यांनी तो बाहेर काढला, झटकला, आणि लीलाच्या पाठीवरून फिरवला. मग चालत पाटलांच्या घरी गेल्या, दोन घास खाल्ले, आणि गाडीत बसताना म्हणाल्या, नागपूरला थंडी फार असते म्हणे, लोकरीचं काही विणायला घेते आता. लीलाला त्या वाक्याचा अर्थ समजायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती. लीला रात्री निजली नव्हती, पण सात वाजता वर्गावर उभी होती. प्रार्थना झाली, हजेरी झाली. चौथीला भूगोल होता आणि धडा नेमका मातीचे प्रकार. तिनं फळ्यावर तारीख लिहिली. मग वळली आणि पुस्तक न उघडताच तिनं विचारलं, की घराची भिंत बांधायला कुठली माती घेतात?

पहिलीपासून चौथीपर्यंत सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "पांढरी!"

पहिलीतल्या, अजून अक्षरं उलटी काढणाऱ्या पोरांचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता.

लीलानं विचारलं, आणि काळी का नाही? आता हात वर झाले, आणि थांबेनातच. काळी उकलती बाई. काळी पाण्यात फुगती आन् उन्हात आकसती. काळीत भिंत बांधायची असली तर खाली मुरूम लागस्तवर खणाय लागतं. बेंदराच्या सणाचं मातीचं बैल कराय बी आमी काळी घेत न्हाई बाई, शिंगं तुटून पडत्यात. माझा आजा म्हणतो काळी खायला घालती, पांढरी निजायला देती. जे तिला चाळीस पानांत मिळालं नव्हतं, ते त्या खोलीत बसलेल्या सत्तावीस पोरांना येत होतं, आणि कुणी शिकवलं म्हणून नव्हे, तर पाण्यात पोहायला येतं तसं.

लीला खुर्चीवर बसली. तीन महिने ही पोरं रोज त्या भेंड्यांच्या रांगांवरून उड्या मारत घरी जात होती.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?" तिनं विचारलं.

चौथीत पुढं बसणारी बया, तानाबाईची मुलगी, तिच्याकडं सगळे बघायला लागले. बयाला बोलणं भाग पडलं. ती उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "बाई, तुमी इच्यारलंच न्हाईसा."

आणि मग, आणखी एक राहिलंच म्हणून, "आन् तुमीच सांगटलायसा की, मोठी माणसं काय करत असली तर मधी तोंड घालायचं न्हाई."

लीलाला आधी रडू येईल असं वाटलं, पण आलं हसू. तिला हसताना बघून पोरं हसली. बया मात्र घाबरून उभीच होती. तिला लीलानं जवळ बोलावलं आणि म्हणाली, हा नियम आजपासून रद्द. तुम्हांला जे येतं आणि बाईंना येत नाही, ते त्याच दिवशी सांगायचं.

शाळा सुटल्यावर ती थेट तानाबाईच्या दारात गेली. तानाबाई जात्यावर होती. लीलानं विचारलं, तानाक्का, तुम्हांला तरी ठाऊक होतं ना?

तानाबाईनं जात्याचा खुंटा सोडला. "मला काय, वाडीला ठावं हाय की. पर शिकल्यालं माणूस तुमी. आमाला वाटलं, बाईंनी कोल्लापुरास्नं काय तरी औषिद आणलं असंल मातीत घालायला. म्हटलं, काळीचं घर टिकतंय काय बघूया तरी."

म्हणजे वाडी तीन महिने प्रयोग बघत होती. रानात फुकटची पडलेली काळी जर भिंतीला चालणार असेल, तर तो फायदा साऱ्यांचाच होता. मुरगुडाच्या बाजारात हंबीररावांनी दोन पावण्यांना सांगूनही टाकलं होतं, की आमच्या बाई काळीचं घर बांधाय लागल्यात. हे लीलाला खुद्द हंबीररावांनीच संध्याकाळी सांगितलं. सांगून तिला गोठ्यामागं नेलं. तिथं पेंढ्याखाली पन्नासभर काळे भेंडे रचून ठेवले होते, लीलाच्या भेंड्यांच्याच मापाचे, आणि एकूण एक उललेले.

"बाईंचं बघून आमी बी पाडलं की," हंबीरराव मान खाजवत म्हणाले. "कुणाला बोलू नगासा."

त्या पन्नास भेंड्यांनी लीलाला जितका धीर दिला, तितका कुठल्या उपदेशानं दिला नसता. तिनं तिथंच विचारलं, आबा, पांढरी कुठं मिळते? आणि मला शिकवाल का?

पांढरी मिळायची मारुतीच्या देवळामागच्या उंचवट्यावर. तिथं म्हणे पूर्वी वाडी होती. कधी काळी ती घरं पडली, भिंती विरघळल्या, वर गवत उगवलं, आणि ज्यांची घरं होती त्यांची नातवंडं-पतवंडं आता खाली राहत होती. राखेसारखी फिकट, बोटात धरली तर पिठासारखी मऊ अशी ती माती. किती पिढ्यांच्या चुलींची राख आणि भिंतींचं लिंपण तिच्यात मिसळलेलं. पण लीला दुसऱ्या दिवशी खोरं घेऊन निघाली तेव्हा तानाबाईनं तिला वाटेतच अडवलं.

"एकलीनं न्हाई उचलायची पांढर," ती म्हणाली. त्या मातीत कुणाच्या घराची माती कुठली, ते आता कोण सांगणार? म्हणून नवं घर बांधणाऱ्यानं तिच्यात स्वतः खोरं घालायचं नाही. घरटी एकानं यायचं, आपल्या हातानं मातीची बुट्टी, म्हणजे टोपली, भरायची आणि त्याच्या दारात नेऊन ओतायची. पाणंदवाडीतलं प्रत्येक घर असंच झालं होतं. लीलानं शेजारी म्हणून विचारायचं फक्त राहिलं होतं. ती एकतीस दारांत फिरली. प्रत्येक दारात तिला तेच वाक्य बोलावं लागलं, की मला माती द्याल का. पहिल्या दारात जीभ जड झाली. दहाव्या दारापर्यंत सवय झाली. शेवटच्या दारात तर तिनं बसून चहा घेतला.

घरटी पाच-पाच बुट्ट्या, लागोपाठ चार दिवस. सकाळच्या शाळेनं दुपार मोकळी असायची. तिच्या दारापुढं करड्या मातीचा ढीग वाढत गेला. तोवर हंबीररावांच्या गड्यांनी जुन्या भिंती उतरवल्या, त्यांची काळी परत रानात पसरली, आणि पाया मुरूम लागेपर्यंत खणून त्यात दगड भरले. चिखल तुडवायला या खेपेला लीलाबरोबर सात-आठ बायका उतरल्या. त्यांचं तोंडही पायांइतकंच चालायचं. बाईंचं लगीन, बाईंच्या भावाची टोपी, हंबीररावांचे पन्नास भेंडे. ते गुपित दोन दिवससुद्धा टिकलं नव्हतं. वैशाखाच्या उन्हात भेंडे आठ दिवसांत खडखडीत वाळले, आणि बोटानं वाजवले तर मडक्यासारखे वाजले. एकालाही चीर नव्हती. वीस मेच्या सुमाराला भिंती उभ्या होत्या, वर बाभळीचं आढं, बांबूचे वासे आणि हातभर जाड पाल्याचं छप्पर होतं.

राहिली होती फक्त जमीन. मुरूम पसरून झाला होता, पण तो पाणी मारून चोपायचा होता. लीला चोपणं उचलणार, तोच तानाबाईनं ते फळकूट तिच्या हातातून काढून घेतलं. भिंत साऱ्यांनी बांधावी, पण जमीन त्या घरातल्या थोरल्या बाईनंच करायला घ्यावी, असं तिचं म्हणणं. तुमच्या आई येणार हाईत न्हवं? मग त्यांचा हात लागू दे की.

लीला सत्तावीस तारखेला कोल्हापुरात पोचली. दादाच्या घरी पेट्या बांधून झाल्या होत्या. माईंची पत्र्याची लहान ट्रंक दाराशी तयार होती आणि तिच्यावर अर्धवट विणलेला लोकरीचा स्वेटर. लीलानं दादाला भिंतींबद्दल सांगितलं, पायाबद्दल सांगितलं. दादानं सगळं ऐकून घेतलं. येऊन बघायला त्याच्याकडं आता दिवस नव्हता, पण पायाची खोली आणि दगड किती भरले, हे त्यानं दोनदा विचारलं. मग म्हणाला, माझी हरकत नाही. आईला विचार.

माई स्वयंपाकघरात एकट्या होत्या. त्यांनी आधी ऐकलं नाही असं दाखवलं. मग भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "भेगांचं मला काही नव्हतं गं. भेगा बुजतात. पण लेकीच्या मिळकतीवर जाऊन बसायचं, नुसतं दोन वेळचं जेवायचं, आणि उद्या तुझं लग्न निघालं की लोकांनी म्हणायचं, आईचं लोढणं आहे. इथं निदान लेकाच्या घरात आहे. कडेला का होईना."

लीलानं जे खरं होतं तेवढं सांगितलं.

"माई, जमीन झालेली नाही. मला चोपता येत नाही, आणि दुसऱ्या कुणी चोपायची नाही म्हणतात. पाऊस आला तर सगळा मुरूम उखडेल. तू कुरुंदवाडला आजोळी असताना करायचीस ना? मला येऊन शिकव."

माईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मुरूम किती जाड घातलाय, असं विचारलं. लीलानं बोटांनी दाखवलं. चाळून घातला का? नाही. खाली दगडाची कपची? ती नाही. माई म्हणाल्या, अगं मग ती जमीन पहिल्या महिन्यात फुटणार. आणि मग कपाळाला हात लावून, पण आवाजात बऱ्याच वर्षांनी आलेल्या धारेनं म्हणाल्या, की शिक्षक झालात पण एवढंसुद्धा कसं समजत नाही तुम्हांला?

बाहेर येऊन त्यांनी दादाला सांगितलं, की मी जमीन होईपर्यंत थांबते. चार दिवसांचं काम आहे. नागपूरला मागाहून येईन.

दादानं लीलाकडं बघितलं. त्यानं स्वतः ट्रंक उचलून एस.टी.च्या टपावर चढवली.

पाणंदवाडीत पोचल्यावर माईंनी पाणीही न पिता आधी मुरूम उकरायला लावला. खाली दगडाची कपची पसरली, चाळलेला मुरूम वर घातला, शिंपण केलं, आणि पदर खोचून, एक गुडघा टेकून चोपणं हातात घेतलं. पहिला ठोका पडला तसा दारात बसलेल्या बायकांची बडबड थांबली. माईंचा हात पडायचा तो सारखा पडायचा, ना जास्त जोरात, ना हळू, आणि एका रेषेत पुढं सरकायचा. तानाबाईनं नीट बघून घेतलं आणि शेजारणीला कोपरानं ढोसलं. लीला शेजारी बसून माईंसारखं करू लागली. माईंनी तिचं मनगट धरून कोन बदलला. अशी नव्हे, सपाट येऊ दे, जमिनीला कड लागली नाही पाहिजे. दोन दिवस चोपलं, तिसऱ्या दिवशी वाळू दिलं, चौथ्या दिवशी परत शिंपून चोपलं, मग शेणानं सारवलं. तोवर दादाची गाडी नागपूरकडं निघून गेली होती.

सहाव्या दिवशी माई सकाळी उठल्या. अंथरूण गुंडाळायची घाई नव्हती. त्या अनवाणी खोलीभर फिरल्या, एकेक पाऊल ठेवून. खिडकीखालच्या कोपऱ्यात थांबल्या, टाचेनं दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "इथं अजून ओल आहे. हे आषाढ सरल्यावर परत चोपावं लागेल."

लीला चुलीपुढं होती. तिनं मान वर केली नाही. बरं, म्हणाली, आणि फुंकणी घेतली.

आषाढ सरल्यावर तो कोपरा परत चोपला. दसऱ्याच्या आधी उंबऱ्यापाशी जरा पोकळ वाजतंय असं माईंना वाटलं. पुढच्या उन्हाळ्यात चुलीच्या मागं. अकरा वर्षं माई त्या खोलीत राहिल्या, आणि दर वर्षी जमिनीचा कुठला तरी एक कोपरा त्यांच्या मनासारखा व्हायचा राहिलेलाच असायचा.